न्यूटन मीटर सोड, फेरे मोज

कॉलेज रोड, नाशिक

प्रिय संदीप,
स. न. वि. वि.

बदलीची ऑर्डर हातात पडायच्या आधी पायडलला विजेच्या मोटरची मदत देणाऱ्या सायकलींची यादी तयार, हे तुला शोभण्यासारखंच झालं. यादी वाचली. तू प्रत्येक मोटरपुढे फक्त न्यूटन मीटर, म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर), लिहिलेत आणि मोठा आकडा वर ठेवलास. गोंधळ तिथेच आहे.

हलक्या मोटरी म्हणजे साधारण दोन किलोच्या. टीक्यू एचपीआर50 ही 1.85 किलोची, 50 न्यूटन मीटर, कमाल 300 वॅट. स्पेशलाइज्डची एसएल 1.2 पण 50 न्यूटन मीटरचीच, 320 वॅट. फाझुआ राइड 60 म्हणजे 60 आणि 450. बॉशची एसएक्स 55 न्यूटन मीटर, पण वॅट 600! इथे तू नुसतं टॉर्क बघून एसएक्सला फाझुआच्या खाली टाकलंस. वॅट बघून तिला थेट वर नेलंस तरी तेवढंच चुकेल.

हिशोब सोपा आहे. न्यूटन मीटरला पायडलच्या मिनिटाच्या फेऱ्यांनी गुण आणि 9.55 ने भाग, की वॅट येतात. टीक्यूचे 300 वॅट 57 फेऱ्यांनाच पूर्ण होतात. फाझुआचे 450 यायला 72 फेरे लागतात. एसएक्सचे 600 हवे असतील तर पाय 104 फेऱ्यांनी फिरायला हवेत. साठ फेऱ्यांना ती 345 वॅटच देते, म्हणजे टीक्यूपेक्षा थोडीशीच जास्त. दगडगोट्यांच्या चढावर, पुढचं चाक उचलतंय आणि मागचं घसरतंय अशा वेळी 104 फेरे कोण मारणार? म्हणून एसएक्सबद्दल एक जण 'रॉकेट आहे' म्हणतो आणि दुसरा 'दमच नाही' म्हणतो. दोघंही खरं बोलतात, फक्त त्यांचे पाय वेगळे.

तेव्हा खरेदीआधी एक काम कर. साध्या सायकलवर सिंहगडचा घाट चढताना मोबाइलवर 15 सेकंद लाव, उजवा गुडघा कितीदा वर येतो ते मोज आणि चारने गुण. पायथ्याशी मोजू नकोस, तिथे सगळेच शूर असतात. अर्ध्याच्या पुढे, दम लागल्यावर मोज. साठ-पासष्टच्या आत असशील तर टीक्यू किंवा एसएल 1.2. सत्तर-ऐंशीला फाझुआ सगळ्यात सुखाची. नव्वदच्या वर सहज फिरवत असशील तरच एसएक्सचे पैसे वसूल.

आवाजात टीक्यूला तोड नाही. तिच्यात नेहमीची दातेरी गिअरची माळ नाही, पट्टाही नाही. मोटरचा वेग पायडलच्या वेगापर्यंत उतरवणारी पिन-रिंग पद्धतीची एकच पायरी आहे, त्यामुळे मोटर चालू आहे हे टायरच्या आवाजात कळतही नाही. एसएक्स मात्र जास्त फेऱ्यांना चांगली किणकिणते. मला आवाजाचा त्रास होतो, म्हणून माझं झुकतं माप टीक्यूकडे आहे, हे धरूनच वाच.

आता बॅटरी. टीक्यूची 360 वॅट-अवर, एसएक्सची 400, फाझुआची 430. तू, सायकल आणि पाणी मिळून 95 किलो धर. शंभर मीटर उंची चढायला चाकाशी 26 वॅट-अवर लागतात. निम्मं काम मोटरवर टाकलंस तर 13. मोटर, चेन, मुरुमावरचे टायर यांचा तोटा धरला की बॅटरीतून वीसेक जातात. म्हणजे 360 मध्ये कागदावर सतराशे-अठराशे मीटर चढाई. सगळ्यात वरचा मोड लावून ठेवलास तर तेराशेच्या आसपासच. नांदुरीहून सप्तशृंगी गड किंवा गिरणाऱ्याकडून वाघेरा घाट, यांना एवढं पुष्कळ आहे. अॅपमध्ये मदतीचं प्रमाण आणि कमाल वॅट वेगवेगळे लावता येतात. मधल्या मोडची कमाल साठ टक्क्यांवर बांधून टाक, पाय जोर लावतील आणि बॅटरी टिकेल.

जोडबॅटरी बाटलीच्या जागी बसते. टीक्यू आणि स्पेशलाइज्डची 160 वॅट-अवरची, बॉशची 250 ची. तुझा मेहुणा जर्मनीहून येताना सायकल आणेल म्हणतोस. प्रवासी विमानात 160 च्या वरची लिथियम बॅटरी चालतच नाही, आणि 100 ते 160 लाही एअरलाइनची परवानगी लागते. म्हणजे मुख्य बॅटरी त्याच्या सामानातून येणारच नाही. हा बेत सोडून दे.

आपल्याकडचा खरा शत्रू उन्हाळा. दोन किलोच्या मोटरला उष्णता साठवायला धातूच कमी. एप्रिलमध्ये चाळिशीला टेकलेल्या दुपारी जड गिअरवर, पन्नास फेऱ्यांनी, पंधरा-वीस मिनिटं दामटलीस की ती स्वतःला वाचवायला वॅट कमी करते. लोक त्याला बिघाड समजून दुकान गाठतात. उपाय गिअरचा आहे. पुढे 32 ऐवजी 30 दात्यांची चेनरिंग, मागे 10-51 किंवा 10-52 दात्यांची कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), आणि पाय हलके. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नकोस, चार्जिंगची मर्यादा साधारण 40 अंशांची असते. सावलीत तासभर ठेव. पावसाळ्यात सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर 30 ते 60 टक्क्यांवर ठेव.

धुताना सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप मोटरच्या सीलवर आणि बेअरिंगवर मारू देऊ नकोस. बादली आणि ब्रश पुरे. मधूनच मदत बंद पडून एरर आला तर आधी मागच्या चाकाचा वेग मोजणारा मॅग्नेट आणि सेन्सर बघ. काटकी अडकून मॅग्नेट सरकला की एवढंच होतं. पायडलवर जोर देताना कर्रकर्र आवाज आला तर मोटर उघडायला धावू नकोस, आधी चेनरिंगचे आणि मोटर फ्रेमला धरणारे बोल्ट टॉर्क पान्याने तपास. चेन मोटरच्या जोरावर लवकर झिजते. चेनची झीज मोजणारं गेज 0.5 दाखवू लागलं की बदल, नाहीतर कॅसेटही घेऊन जाईल. गिअर बदलताना पाय क्षणभर सैल सोड.

मागच्या चाकातल्या हब मोटरचा पर्याय तू खाली लिहिला आहेस. तो काट. ती मोटर सायकलच्या गिअरमधून काम करत नाही, उभ्या चढावर चाक हळू फिरलं की वीज नुसती उष्णता होते. रोजच्या ऑफिसला ठीक.

डीजेआयची अॅव्हिनॉक्स वेगळ्या पंगतीची आहे. 2.52 किलोत 105 न्यूटन मीटर, सोबत 600 किंवा 800 वॅट-अवरची बॅटरी. चढाला मस्तच, पण त्या बॅटरीचं वजन सायकलवर येतंच. तुला सायकल खांद्यावर टाकून दोन जिने चढायचे आहेत ना? मग नको.

दुकानदाराकडून एक गोष्ट लेखी घे. मोटरचं सॉफ्टवेअर तपासणारं डायग्नोस्टिक भारतात कोण करतं, आणि मोटर बदलायची वेळ आली तर ती कुठून, किती दिवसांत येते. या मोटरी सहसा आतून दुरुस्त करत नाहीत, अख्खी मोटर बदलतात.

फेऱ्यांचा आकडा आणि तुझी उंची कळव, मग फ्रेमचं माप बोलू. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश