सांडवा नसलेले तलाव

महोदय,

सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला २०२५ मध्ये ४,०८१ कोटी रुपये मंजूर झाले. मराठवाड्यातून दरवर्षी गाड्या भरून लोक चारधामला जातात, त्यामुळे इकडे आनंद झाला तो साहजिकच. पण त्या दऱ्यांच्या माथ्यावरच्या तलावांबद्दल कुणी बोलत नाही.

हिमनदी मागे हटली की तिने लोटत आणलेल्या दगडमातीचा बांध जागेवर राहतो आणि वितळलेले पाणी त्याला अडते. आपल्याकडच्या साध्या पाझर तलावालाही काळ्या मातीचा गाभा, उतारावर दगडांचे पिचिंग आणि जादा पाणी सुरक्षित बाहेर काढणारा सांडवा असतो. या बांधाला सांडवा नाही, गाभाही नाही. पोटात असलाच तर जुना बर्फ, तो विरघळला की माथा खचतो. पाणी एकदा माथ्यावरून गेले की मातीचा बांध किती वेळ तग धरतो, हे इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव काही मिनिटांत रिकामा झाला.

सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक तलावातले पाणी २०१६ मध्ये पाइप टाकून सायफनने काढून पाहिले. सायफन स्वस्त खरा, पण त्यात पाणी बांधावर चढते ते हवेच्या दाबामुळे, आणि ५,२०० मीटर उंचीवर हवेचा दाब जवळपास निम्मा असतो. आपल्याकडे पाणी दहा मीटरपर्यंत चढेल असे गणित मांडतो, तिथे ते पाचावर येते आणि प्रत्यक्षात त्याहून कमी भरते. ऑक्टोबर २०२३ मध्ये काठाचा उतार घसरून तलावात पडला, लाट बांधावरून गेली आणि खाली चुंगथांगला १,२०० मेगावॉटच्या तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले.

नेपाळने सरळ सांडवाच खणला. त्शो रोल्पा तलाव २००० मध्ये दरवाजाच्या चरातून तीन मीटर उतरवला, इम्जा २०१६ मध्ये तीन मीटरहून थोडा अधिक. असा चर आधी आडबांध घालून कोरड्यात खणायचा आणि तळाला दगडी अस्तर झाल्यावरच पाणी सोडायचे. नाहीतर वाहते पाणी तळ कापत जाते आणि आपणच तलाव फोडून बसतो. तीन मीटरने मोठी लाट थांबणार नाही, म्हणून पातळीमापक आणि खालच्या गावांत भोंगे हवेतच. रोपवेच्या खर्चापुढे या कामांचा खर्च किरकोळ आहे.

गंगोत्रीच्या वरच्या गोमुखला रोज १५० जणांनाच परवाना मिळतो. केदारनाथचा रोपवे मात्र दिवसाला १८,००० प्रवाशांच्या हिशेबाने आखला आहे. इथल्या यात्रा कंपन्यांनी निदान नदीकाठच्या हॉटेलांत मुक्काम ठरवू नयेत.

– निवृत्त पाटबंधारे अभियंते, नांदेड