साथ येण्याआधी दुकानाच्या मागच्या भिंतीला भोक पाडा

महोदय,

करोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. त्या काळाची खूण म्हणून कित्येक दुकानांत गल्ल्यापुढचे पिवळट प्लास्टिक तेवढे उरले आहे. त्यावर फार भिस्त ठेवू नये. खोकल्याचे मोठे थेंब ते अडवते; पण सूक्ष्म कण हवेबरोबर कडेने वळसा घालून येतात, आणि चहूबाजूंनी प्लास्टिक लावले तर गल्ल्यातच हवा कोंडते. ग्राहक दहा मिनिटांत निघून जातो. गल्ल्यावरचा माणूस दिवसभर तीच हवा घेतो. म्हणून तयारी हवेपासून करावी, आणि ती आताच. टाळेबंदी लागल्यावर भिंत फोडायला गवंडी मिळत नाही.

दुकानांत सर्रास दिसणारा स्प्लिट एसी आतलीच हवा थंड करून पुन्हा आत सोडतो. त्याची जाळी धूळ अडवते, विषाणू नाही. काचेचे दार लावून एसी चालवायचा तर एक्झॉस्ट पंखा हवाच. हिशेब सोपा आहे. १० बाय १५ फुटांचे, १० फूट उंचीचे दुकान म्हणजे १,५०० घनफूट हवा. ती तासाला सहा वेळा बदलायची तर ९,००० घनफूट, म्हणजे सुमारे २५५ घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. पंख्याच्या खोक्यावरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, झडपा आणि धूळ त्यातला बराचसा खातात. तेव्हा ४५० ते ५०० घनमीटरचा पंखा घ्यावा.

खरी चूक होते ती बसवताना. पंखा दारावरच लावला तर दारातून आलेली ताजी हवा तिथूनच परत जाते आणि मागची कोंदट हवा जागची हलत नाही. तो दारासमोरच्या भिंतीत, उंचावर हवा. दाराला रबरी पट्टी लावून सगळे घट्ट बंद केले तर पंखा नुसताच गरगरतो, कारण आत यायला हवेला वाट नसते. दार चार बोटे उघडे ठेवून फटीपाशी उदबत्ती धरा; धूर आत ओढला गेला तर काम झाले. आपल्याकडे आणखी एक अडचण पावसाची. जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे त्या अंगाच्या भिंतीतला पंखा वाऱ्याशी झुंजत बसतो आणि पाणीही आत घेतो. दुसरी भिंत नसेल तर बाहेरून खाली वळलेले झाकण लावावे. मागची भिंत शेजाऱ्याची असलेल्या गाळ्यात दाराच्या वरच्या भागात बाहेर फुंकणारा पंखा बसवून खालचा भाग मोकळा सोडावा. अर्धेमुर्धे काम होते, पण होते.

हवा पुरेशी आहे की नाही हे कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर कळते. मोकळ्या हवेत आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आसपास असतो. दुकानात तो ८०० च्या आत ठेवावा. हजारावर गेला तर माणसे कमी करावीत किंवा दार सताड उघडावे. मात्र एनडीआयआर, म्हणजे अवरक्त प्रकाशाने वायू मोजणाऱ्या, सेन्सरचाच मीटर घ्या. स्वस्तातले काही मीटर नुसता वास मोजतात. जवळ सॅनिटायझर मारला की आकडा उसळतो. चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, बाजाराला पावसात गर्दी लोटते तेव्हा हा मीटर जरूर पाहावा.

दुपारच्या सुट्टीकडे कुणाचेच लक्ष नसते. शटर अर्धे ओढून, मागच्या खोलीत सगळे कामगार मास्क काढून एकत्र जेवतात. दिवसातली सर्वांत धोक्याची वेळ हीच. दोन पाळ्यांत जेवावे, पंखा चालू ठेवावा. तासाला सहा बदल होत असले तरी हवेतले ९५ टक्के कण जायला अर्धा तास लागतो. वाल्व्हचा मास्क कामगारांना देऊ नये. त्यातून उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो.

पुसापुशीबद्दल थोडक्यात. ५ टक्क्यांचे सोडियम हायपोक्लोराइट (जंतुनाशक ब्लीच) असेल तर लिटरभर द्रावणात ते २० मिली, बाकी पाणी. आधी साबणाने मळ काढावा, मग ते लावून दहा मिनिटे ठेवावे. द्रावण रोज ताजे करावे. संडास धुण्याच्या अॅसिडमध्ये ते कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन सुटतो. आणि सॅनिटायझरची बाटली गल्ल्यावरच्या देवाच्या दिव्यापासून लांब ठेवावी. त्यात साठ-सत्तर टक्के अल्कोहोल असते. माणसांवर जंतुनाशक फवारू नये, हे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते.

ताप असलेल्या कामगाराचा पगार कापला जाणार असेल तर तो गोळी घेऊन कामावर येणारच, आणि दारातला थर्मामीटर त्याला पकडणार नाही.

नगरपालिकांना एक विनंती. नवीन गाळ्यांचे आराखडे मंजूर करताना मागच्या भिंतीत हवेची झडप सक्तीची करावी. बांधतानाच ठेवली तर खर्च नगण्य. मागे दुसरा गाळा उभा राहिल्यावर ती बसवायला जागाच उरत नाही.

– एक एसी तंत्रज्ञ, फोंडा