अण्णा, माझ्या डाव्या खांद्यातर्फे आभार

आदरणीय अण्णा,

साष्टांग नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "जा, सेट राहिलाय तुझा" म्हणून हाकलता. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. तुमची नात वाचून दाखवेल, आणि तुम्ही "काय लिहीत बसलीय ही" म्हणत शेवटपर्यंत ऐकाल, एवढी खात्री आहे.

कशाबद्दल आभार, ते वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आधी सांगते. अण्णा म्हणजे आमच्या जिममध्ये व्यायाम शिकवणारे. बार मानेमागे, ट्रॅप्सवर (मान आणि खांद्यामधल्या स्नायूवर) ठेवायचा, स्नॅचला (बार जमिनीवरून एका दमात डोक्यावर न्यायचा वेटलिफ्टिंगचा प्रकार) धरतो तेवढ्या रुंद पकडीनं धरायचा आणि डोक्यावर ढकलायचा, असा हा व्यायाम, म्हणजे मानेमागून प्रेस. जिममध्ये याबद्दल दोनच पक्ष भेटतात. एक पक्ष म्हणतो, हात लावू नकोस, खांद्याचं वाटोळं होतं. दुसरा म्हणतो, जुने सगळे असंच मारायचे, त्यांना कुठं काय झालं? मला स्नॅच शिकायचा होता. वयाच्या पस्तिशीनंतर, नोकरी आणि घर सांभाळून. दोन्ही पक्षांनी मला भरपूर ऐकवलं, पण माझा खांदा बघितला नव्हता कुणीच. तो तुम्ही बघितलात.

पहिल्या दिवशी तुम्ही मला बारकडे जाऊच दिलं नाही. भिंतीला पाठ, डोकं आणि कंबर टेकवून उभं केलंत. दोन्ही दंड खांद्याच्या रेषेत, कोपरं काटकोनात. "आता मनगटं मागं भिंतीला लाव. बरगड्या पुढं येऊ द्यायच्या न्हाईत." उजवं मनगट टेकलं. डावं चार बोटं अलीकडेच राहिलं, आणि ते टेकवायला गेले की कंबर भिंतीपासून सुटायची. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. मग कळलं की मानेमागून प्रेस करताना खांद्याला नेमकी हीच जागा लागते, आणि वर वजनही असतं. ज्याला रिकाम्या हातानं तिथं पोहोचता येत नाही, तो बार मागे न्यायला दुसरीकडून उसनं घेतो. मान पुढे काढतो, कमरेत वाकतो, नाहीतर खांद्याच्या पुढच्या बाजूवर सगळा ताण घेतो.

खांद्याची रचना तुम्ही चहाच्या बशीत लिंबू ठेवून दाखवलीत, ते मी आता शाळेत मुलांनाही दाखवते. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा, खोबण उथळ. म्हणून तर हात इतका चहूबाजूंनी फिरतो, आणि म्हणूनच तो जागेवर राहायला हाडापेक्षा मांसाचा जास्त भरवसा. भोवतीचे चार लहान स्नायू, ज्यांना सगळे रोटेटर कफ म्हणतात, ते गोळा खोबणीत धरून ठेवतात. त्यातल्या वरच्या स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) खांद्याच्या टोकाच्या हाडाखालून जाते आणि तिथं जागा अगदी थोडी असते. हात वर नेताना बहुतेकांचं दुखणं याच आसपास सुरू होतं. जिमच्या भिंतीवर लावलेल्या स्नायूंच्या चित्रात हे चार स्नायू दिसतसुद्धा नाहीत, कारण चित्र पुढून काढलंय आणि त्यात छातीच छाती आहे.

त्यानंतर किती तरी दिवस माझ्या हातात फक्त काठी होती. गुंडाळलेला टॉवेल पाठीखाली आडवा घेऊन पडायचं, म्हणजे पाठीचा वरचा भाग मोकळा होतो. दिवसभर वह्या तपासून आणि मोबाइल बघून तो पुढे वाकून राहिलेला असतो, आणि तो सरळ झाल्याशिवाय खांदा मागे जाणारच नाही, हे तुमचं म्हणणं. मग काठी रुंद धरून डोक्यावरून मागे-पुढे. मग तुमचं ते हलकं मुद्गल. मुद्गल मी लहानपणी आजोबांच्या गावच्या तालमीत दारातूनच बघितलेलं, मुलींना आत सोडत नसत. पाठीमागे मुद्गल सोडताना कोपर वर, हात डोक्यामागे, आणि वजन अगदी हळूहळू खांदा उघडत जातं. आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेला हा व्यायाम, आणि जिममधल्या कुणालाही त्याचा या प्रेसशी काही संबंध असेल असं वाटलेलं नव्हतं.

पकड रुंद का, हे तुम्ही स्क्वॉटच्या रॅकखाली उभं राहून समजावलंत. हात जवळ धरून बार पाठीवर घ्यायला लावलात, तर डावा खांदा ओरडला. हात बाहेर सरकवायला सांगितलेत, तर तोच बार विनातक्रार बसला. पकड रुंद झाली की बार मागे नेण्यासाठी दंड तेवढा बाहेरच्या बाजूला पिळावा लागत नाही. बारचा प्रवासही कमी होतो. बदल्यात ट्रायसेप्सला, म्हणजे दंडाच्या मागच्या स्नायूला, जोर लावायला तेवढा वाव राहत नाही आणि वजन कमी उचललं जातं. तुमच्या मते हा तोटा नाहीच, मुद्दाम वजन कमी ठेवायची ही सोय आहे. पकडीचं मापही तुम्ही टेपनं घेतलं नाहीत. सरळ उभं राहून हात लांब सोडल्यावर बार जांघेच्या घडीत आला पाहिजे, तीच रुंदी. त्याहून बाहेर गेलं की मनगटं मोडतात. हे दुसरं टोक लोक विसरतात. रुंद चांगलं म्हणून बारच्या कडेपर्यंत हात नेतात.

आणि आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र आहे. याआधीच्या जिममध्ये मला प्रत्येक व्यायामात एकच सूचना मिळायची: खांदे मागे आणि खाली दाबून ठेवा. बेंच प्रेसला, म्हणजे बाकावर पडून छातीवरून वजन ढकलताना, ते ठीक. डोक्यावर वजन नेताना मात्र तुम्ही ती मला टाकून द्यायला लावलीत. हात बाजूनं पूर्ण वर जातो तेव्हा साधारण १८० अंशांचा प्रवास होतो, आणि त्यातले सगळे अंश काही त्या गोळ्यातून येत नाहीत. ढोबळमानानं १२० अंश खांद्याच्या सांध्यातून आणि ६० अंश फऱ्याच्या (पाठीवरच्या खांद्याच्या सपाट हाडाच्या) फिरण्यातून येतात. फरा खाली दाबून धरला की त्याच्या वाटची हालचाल थांबते. हात तर वर न्यायचाच असतो, मग उरलेलं सगळं त्या अरुंद जागेतल्या कंडरेनं सोसायचं. तुम्ही माझ्या मागे उभं राहून फऱ्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलंत आणि म्हणालात, "ह्यो माझ्या बोटाखालनं बाहेर सरकला पाहिजे. आणि वर गेल्यावर खांदे कानाला भेटू देत." वर पोहोचल्यावर छताला ढकलत राहायचं, खांदे उचलून. त्या दिवशी रिकामा बार डोक्यावर कधी नव्हे इतका स्थिर उभा राहिला. एवढी साधी गोष्ट आधी कुणी का सांगितली नाही याचा मला आजही थोडा रागच येतो.

बाकीचं तुमच्या शिस्तीत झालं. आधी बार फक्त कानाच्या उंचीपर्यंत खाली आणायचा, तिथून परत वर. भिंतीवरची चाचणी डाव्या बाजूनं पास झाल्यावरच ट्रॅप्सपर्यंत. मानेच्या हाडावर बार टेकवायचा नाही, स्नायूवर. उतरताना आपटायचा तर नाहीच. नितंब घट्ट, बरगड्या खाली, नजर समोर. बायकांच्या १५ किलोच्या बारवर मी इतके दिवस काढले की आपल्या जिममधली पोरं येता-जाता बघायची. मग दोन्हीकडे सव्वा-सव्वा किलोच्या प्लेटा. आणि ढकलण्याच्या प्रत्येक सेटला ओढण्याचे दोन. रोइंग (वजन पोटाकडे ओढणं), फेस पुल (चेहऱ्याकडे ओढणं), बारला नुसतं लटकणं, आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दाराच्या कडीला बांधून, कोपर कमरेला चिकटवून, हात बाहेर ओढणं. हे शेवटचं मी स्टाफरूममध्येही करते. लोकांना वाटतं मला फिजिओनं सांगितलंय.

वाचणाऱ्यांना वाटेल की अण्णा सगळ्यांनाच हा व्यायाम देतात. उलट आहे. तो कबड्डीचा पोरगा आला, चांगला रुंद, ताकदवान, माझ्या दुप्पट वजन सहज ढकलेल असा. तुम्ही त्याला पहिलाच प्रश्न विचारलात: "कधी निखळला होता का?" एकदा निखळला होता, उजवा. तुम्ही त्याला मानेमागे बार नेऊच दिला नाहीत. हात बाजूला, कोपर वर, पंजा मागे, हीच ती स्थिती जिच्यात खांदा पुढच्या बाजूला निसटतो. डॉक्टरसुद्धा सैल खांदा तपासताना हात अशाच स्थितीत नेऊन रुग्ण घाबरतो का ते बघतात. त्याला तुम्ही डंबेल दिलेत, आणि दंड सरळ बाजूला न ठेवता तीसेक अंश पुढे घेऊन ढकलायला लावलंत. फरा जात्याच त्या दिशेला तोंड करून बसलेला असतो म्हणून. खांद्याला गोलाई यावी एवढीच ज्यांची इच्छा आहे, त्यांना तेवढं पुरतं, असं माझंही मत झालंय. मानेमागून, रुंद पकडीनं ढकलण्याचं खरं कारण स्नॅच हेच. तिथं बार डोक्यावर याच रुंदीत झेलायचा असतो, आणि ती जागा आधीपासून ओळखीची हवी.

"जुने मारायचे" या वादातही तुम्हीच मला नीट उत्तर दिलंत. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकपर्यंत प्रेस हा वेटलिफ्टिंगचा तिसरा प्रकार होता. तो समोरून, छातीवरून व्हायचा. लिफ्टर इतके मागे झुकू लागले की पंचांना निवाडा देणं कठीण झालं, आणि तो कायमचा काढून टाकला. त्या काळातल्या तुमच्या वस्तादांची पिढी डोक्यावर ढकलण्यातच लहानाची मोठी झालेली. त्यांचे खांदे वर्षानुवर्षं त्या कामाला सरावलेले, आणि आम्ही खुर्चीतून उठून थेट रॅककडे जाणारे. दुसऱ्या बाजूनं, ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी २०१५ मध्ये पुढून आणि मागून अशा दोन्ही प्रेस तपासल्या. ज्यांच्या खांद्याची हालचाल पुरेशी आहे आणि धड स्थिर राहतं, त्यांच्यासाठी दोन्ही सुरक्षित, असा त्यांचा निष्कर्ष. तो मी तुम्हाला मोठ्या उत्साहानं वाचून दाखवला तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग भिंतीला काय उगंच उभी केली व्हय तुला?"

दुखणं ओळखायला शिकवलंत, ते तर व्यायामापलीकडचं. स्नायू भाजतो ते चालेल. सांध्यात नुसतं कट्-कट् वाजलं आणि दुखलं नाही, तर तिकडे लक्ष द्यायचं नाही. पण खांद्याच्या टोकाशी किंवा पुढच्या बाजूला चिमटा बसला, हात अर्ध्यावर उचलताना कळ आली, बोटांत मुंग्या आल्या, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, तर बार खाली आणि डॉक्टरकडे. आमच्या वेळेला येणाऱ्या एका काकांना मधुमेह आहे. त्यांचा खांदा हळूहळू आखडत चालला तेव्हा तुम्ही त्यांना एकही स्ट्रेच न देता अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलंत. मधुमेहात खांदा गोठण्याचं प्रमाण जास्त असतं हे तुम्हाला ठाऊक होतं. पोरांना तुम्ही संकेत सरगरचं उदाहरण देता. आपल्या सांगलीचा मुलगा, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो उचलून रौप्य. सुवर्ण एका किलोनं हुकलं, कारण क्लीन अँड जर्कच्या (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) दुसऱ्या प्रयत्नात कोपर दुखावलं. तो तरी देशासाठी मंचावर होता, तुम्ही पोरांना विचारता, तुमची काय गडबड हाय?

एका बाबतीत मात्र आपलं जमणार नाही. स्मिथ मशीनवरचा तुमचा राग. रुळावरचा बार खांद्याला त्याची वाट निवडू देत नाही, हे खरं. पण नवीन येणाऱ्या बायकांना मोकळ्या रॅकपाशी, दहा पुरुषांच्या मध्ये उभं राहायचा संकोच वाटतो. कोपऱ्यातल्या त्या मशीनपाशी त्या निदान येतात. दोघींना मी तिथूनच रॅकपर्यंत आणलंय. तेव्हा ते मशीन भंगारात द्यायचा विचार पुढे ढकला.

माझं डावं मनगट आता भिंतीला टेकतं. सकाळी केस वर बांधताना हात मध्येच खाली घ्यावा लागत नाही. फळ्याच्या वरच्या कडेला लिहिता येतं. स्नॅच अजून वेडावाकडाच होतो, पण बार डोक्यावर गेला की तिथं थांबतो. हे तुमच्यामुळे.

आता राहिलेलं एक. गेल्या महिन्यापासून तुम्ही चहाचा ग्लास डाव्या हातानं घेता, आणि रॅकच्या वरच्या हुकावरचा टॉवेल काढायला पोरांना हाक मारता. मागच्या आठवड्यात तुमच्या नातीनं सांगितलं की तुम्ही रात्री उजव्या कुशीवर झोपत नाही. तुमचेच नियम लावायचे तर बार खाली ठेवून डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे. मिरजेची शनिवारची वेळ मी घेतलीय, सकाळी अकराची. शनिवारी माझी शाळा साडेदहाला सुटते, रिक्षा घेऊन दारात येते. तयार राहा.

तुमची,
१५ किलोच्या बारवाली बाई