‘समजून घ्या’ म्हणजे नेमके काय करायचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मानसिक आजारांवरचा कोणताही लेख उघडा, शेवटी एक वाक्य हमखास सापडते : ‘कुटुंबीयांनी रुग्णाला समजून घ्यावे.’ मी चौतीस वर्षे गणित शिकवले. ‘समजून घ्या’ एवढे म्हणून मी फळा पुसला असता तर पोरांनी मला वर्गात टिकू दिले नसते.

माझ्या मुलीला बाविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला. रुग्णालयातून घरी आणताना गोळ्यांची चिठ्ठी मिळाली; कोणती सकाळी, कोणती रात्री. तिच्याशी बोलायचे कसे, याची चिठ्ठी कुणी दिली नाही. ‘भिंतीत कॅमेरा आहे’ असे ती म्हणाली की मी सिद्धता मांडायला बसायचो. एकदा तर तिच्या खोलीतले सगळे स्विचबोर्ड उघडून दाखवले. ती शांतपणे म्हणाली, “तुम्ही यायच्या आधी काढून नेला त्यांनी.” मी भडकलो. त्या रात्रीपासून तिच्या लेखी मीही ‘त्यांच्यातला’ झालो आणि माझ्या हातून गोळी घेणे तिने बंद केले. दीड महिन्यात पुन्हा रुग्णालय.

वर्षभराने नातेवाइकांच्या एका गटात जाऊ लागलो. तिथे एका आईने मला झापलेच. “कॅमेरा आहे की नाही याचा निकाल तुम्हाला कुणी मागितलाय? पोर घाबरलंय ना? मग त्याबद्दल बोला.” पुढच्या वेळी मी म्हणालो, “मला कॅमेरा दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय हे दिसतंय. इथे बसू का?” ती “बसा” म्हणाली. बाकी काही घडले नाही, पण गोळी घेतली.

हे ज्ञान काही नवे नाही. लंडनमध्ये क्रिस्टीन व्हॉन आणि ज्युलियन लेफ यांनी १९७६ मध्ये मांडले होते : सतत टीका, राग किंवा अतिकाळजी असलेल्या घरांत परतलेल्या रुग्णांपैकी ५१ टक्क्यांचा आजार नऊ महिन्यांत उलटला, इतर घरांत १३ टक्क्यांचा. हे आकडे ऐकून माझी पत्नी रडवेली झाली, “म्हणजे आपल्यामुळेच!” तसे नाही. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मनोविश्लेषक बाईंनी ‘स्किझोफ्रेनिया घडवणारी आई’ अशा अर्थाचा शब्द वापरून या आजाराचे खापर आईवर फोडले. पुढे तो सिद्धान्त टिकला नाही, पण कित्येक आयांनी ते ओझे वाहिले. आजार घराने दिलेला नसतो. दुपारपर्यंत पडून राहणे, केस न विंचरणे हेही आजाराचेच लक्षण असते, हे आम्हाला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला आळस समजून दिवसभर ‘ऊठ गं, ऊठ गं’चा धोशा लावायचो.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात नातेवाइकांना आवारात तंबूंत रुग्णासोबत ठेवून उपचारांत सामील करून घेतले होते. मी तंबू मागत नाही. रुग्णाला घरी सोडण्याआधी घरच्यांसाठी चार बैठका मागतो आहे, औषधाच्या चिठ्ठीइतक्याच सक्तीच्या.

आम्हाला ‘गोपनीयता असते’ असे ऐकवले गेले. मुलीने डॉक्टरांना काय सांगितले, ते आम्हाला नकोच आहे. पण झोप उडू लागणे ही आजार उलटण्याची आधीची खूण असू शकते, हे सांगायला कुणाचे गुपित फोडावे लागते?

आणि त्या बैठकांना भावंडांनाही बोलवा. माझा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. ‘मलाही होणार का?’ हा प्रश्न त्याने दोन वर्षे मनात दाबून ठेवला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. सख्ख्या भावंडाला हा धोका साधारण दहात एक असतो, म्हणजे बहुतेकांना आजार होत नाही. एवढे सांगायला पाच मिनिटे पुरली असती.

आपला,
एका मुलीचा आणि एका मुलाचा बाप
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)