जादा रीळ

नागपूर,
16 डिसेंबर 2025

प्रिय विनायक,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दिवाळीच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले, आणि तू फोनवर विचारलेस तेव्हा "अर्धे लिहून झाले आहे" असे मी धडधडीत खोटे सांगितले. माझी शुगर ताब्यात आहे, डावा गुडघा नाही, आणि हिची तब्येत ठीक आहे. तो विषय इथेच संपवू. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे आणि ते तुझ्याशिवाय कोणालाही सांगण्यात अर्थ उरलेला नाही, कारण बबन गेला आणि मन्याला स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही.

विन्या, ठाकूर गब्बरला मारतो. तू खरे बोलत होतास.

‘शोले’ 12 तारखेला पुन्हा लागला, तोही मूळ शेवटासह. शनिवारी मी तो पाहिला. अधिवेशनामुळे बर्डीकडचे रस्ते अडवलेले होते, तरी चिरंजीवांनी मला स्कूटरवर मागे बसवून गल्लीबोळांतून वेळेवर पोहोचवले. शेजारी कॉलेजातली दोन मुले पॉपकॉर्नची बादली घेऊन बसली होती. गब्बर आपल्या हातावरची मुंगी चिरडतो तिथे ती एकदम गप्प झाली, तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला, जणू तो प्रसंग मीच लिहिला होता. धर्मेंद्रला जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते, त्यामुळे टाकीच्या प्रसंगात लोक हसले खरे, पण ते हसणे नेहमीचे नव्हते.

आणि मग शेवट आला. ते दोन खांब, खाली पडलेला गब्बर, ठाकूरचे खिळ्यांचे बूट. हे सगळे आपण इतक्या वेळा पाहिले आहे की पुढचे क्षण मला श्वासासारखे पाठ आहेत: आता पोलीस येणार, आता अधिकारी ठाकूरला कायद्याची आठवण करून देणार, आता ठाकूर थांबणार. मी वाट पाहत राहिलो. पोलीस आलेच नाहीत. सगळे संपले तरी माझे डोळे पडद्याच्या कडेला कोणाला तरी शोधत होते.

त्या क्षणी मला बबनच्या लग्नाचा जानोसा आठवला. 1991 चा मे महिना, खोलीत एकच कूलर आणि त्याच्यासमोर गाद्या टाकून पडलेले आपण बारा-तेरा जण. अमरावतीच्या तुझ्या मामेभावाने लंडनहून आणलेल्या कॅसेटमध्ये शेवट निराळा आहे, असे सांगत तू उभा राहिलास आणि दोन्ही हात बाह्यांतून आत ओढून घेऊन ठाकूर झालास. तुझ्या सदऱ्याच्या रिकाम्या बाह्या कूलरच्या वाऱ्यावर हलत होत्या. तू पाय आपटत होतास आणि गब्बर झालेली उशी निमूटपणे मार खात होती. तेवढ्यात मी म्हणालो, "काय बे, हे जादा रीळ कोणत्या टॉकीजला लागले होते?" सगळे हसले. वधूपक्षाचे लोकसुद्धा हसले. तू हात बाह्यांतून बाहेर काढलेस आणि भिंतीकडे तोंड करून झोपलास.

तेव्हापासून तुझे नाव ‘जादा रीळ’ पडले. तुझी बढती असो, प्लॉटचा व्यवहार असो की गिरनारची यात्रा असो, तू काहीही सांगायला लागलास की कोणीतरी डोळा मारायचे. हे नाव मी ठेवले आणि 34 वर्षे मीच चालवले. शिवाय बबनकडे ठेवलेली पन्नास रुपयांची पैज होतीच. आपण सगळे ‘शोले’ पुन्हा टॉकीजमध्ये जाऊन पाहिला, पोलीस वेळेवर आले, आणि बबनने तुझे पन्नास रुपये माझ्या हातावर ठेवले. त्यातून मी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. तुलाही एक प्लेट दिली, तुझ्याच पैशांची. (तर्री तू दोनदा मागून घेतली होतीस, हेही इथे नोंदवून ठेवतो.)

मला खरा छळणारा भाग मात्र याच्या पुढचा आहे. वीस वर्षे मी नागरिकशास्त्राच्या तासाला हेच उदाहरण देत आलो. कायदा हातात घेऊ नये हे ठाकूरलासुद्धा शेवटी कळते, कारण तो मुळात पोलीस अधिकारी असतो, असे मी दर वर्षी नवीन वर्गाला तावातावाने सांगायचो. ("त्याला हातच नाहीत, तो कायदा कशात घेणार?" हा बबनचा प्रश्न मी वर्गात कधीच सांगितला नाही.) आणि तो शेवट कोणी लिहिला होता? सेन्सॉरने. 25 जून 1975 ला आणीबाणी लागली, 15 ऑगस्टला चित्रपट लागायचा होता, आणि माजी पोलीस अधिकाऱ्याने सूड घेऊन मोकळे व्हावे हे त्यांना चालणार नव्हते. मग रामनगरमला पुन्हा जाऊन नवा शेवट चित्रित करावा लागला. ज्या सरकारने तेव्हा कायदा गुंडाळून ठेवला होता, त्याच्याच माणसांनी सुचवलेला धडा मी कायद्यावरच्या श्रद्धेने शिकवत राहिलो. मुलांनी गुण मात्र चांगले मिळवले.

आणखी एक गंमत ऐक. मूळ निगेटिव्ह खराब होऊन गेली होती. जपून राहिलेल्या प्रती लंडनच्या गोदामात सापडल्या आणि त्यांच्या आधाराने चित्रपट दुरुस्त झाला. तुझ्या मामेभावाची कॅसेटही लंडनचीच होती. म्हणजे आख्ख्या वऱ्हाडात पुरावा फक्त तुझ्याकडे होता आणि आम्ही तुला उशीसकट झोपवले.

तरीही कबूल करतो की मला नवा, म्हणजे मूळचा, शेवट अजून पचलेला नाही. मारून झाल्यावर ठाकूर रडतो, विन्या. संजीव कुमारचा तो चेहरा मला घरी येईपर्यंत सोडेना. आपण त्याला म्हातारा समजायचो आणि तो तेव्हा 37 वर्षांचा होता. 1985 साली गेला तेव्हा 47 चा. त्याने रंगवलेल्या म्हाताऱ्याच्या वयाचे आता आपण झालो आहोत. माझ्या शेवटात ठाकूर न रडता घरी जातो. मला तोच बरा वाटतो की फक्त सवयीचा आहे, हे तीन दिवस ठरत नाही. हिला सांगितले तर म्हणाली, "पिक्चरच आहे तो, जेवून घ्या."

तुझे काय चालले आहे? वहिनींच्या मोतीबिंदूचे नीट झाले ना? नातवाचे नाव ठरले का? नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला असेल तर कळव. फेब्रुवारीत येणार असशील तर संत्र्यांचा मृग बहार असेल, पेटी काढून ठेवतो. शंभर रुपये, म्हणजे तुझे पन्नास आणि माझे पन्नास, मी पाकिटात घालून कपाटात ठेवले आहेत. व्याज मागू नकोस, त्यावर नवे भांडण होईल. मन्याला मी फोन करून सगळे सांगितले. तो म्हणाला, "कोण जादा रीळ?" म्हणजे नाव मागे घ्यायलाही आता माझ्याशिवाय कोणी उरलेले नाही.

एक मात्र उत्तरात नक्की लिही. त्या रात्री तू मारण्यापर्यंत आला होतास, आणि रडण्याबद्दल आम्हाला कधीच काही सांगितले नाहीस. ते तुझ्या कॅसेटमध्ये नव्हते, की तू तिथपर्यंत यायच्या आतच मी बोललो?

तुझा,
मधू