रॅप स्पर्धेचा विषय कोण ठरवणार?

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या आठवड्यात तुमच्या युवा पुरवणीत रॅप आणि स्पोकन वर्डवर, म्हणजे स्टेजवर बोलून सादर करायच्या कवितेवर, लेख आला होता, वाचून बरं वाटलं, निदान "ही कसली बडबड, याला गाणं म्हणायचं का" असा सूर तरी त्यात नव्हता. पण खालीच स्पर्धेची जाहिरात होती, त्यात विषय आधीच ठरवलेले, व्यसनमुक्ती, पर्यावरण, सकारात्मक विचार, आणि बारीक अक्षरात "वादग्रस्त मजकूर चालणार नाही". ते वाचलं आणि राहवेना म्हणून लिहितोय.

मी स्वतः रॅपर नाही, ते वयही राहिलं नाही. एका मित्राच्या नादाने चार वर्षं दर शनिवारी मुलांच्या वर्कशॉपला जातो, तो बीट म्हणजे ताल बघतो आणि मी वह्या बघतो. वह्या बघतो म्हणजे काय, तर पोरं ओळ म्हणून दाखवतात आणि मी विचारतो की तू घरी असंच बोलतोस का. बहुतेक वेळा उत्तर "नाही" येतं, मग ओळ बदलते.

लोकांना वाटतं मुलं येतात आणि मनातलं भडाभडा बोलून मोकळी होतात. तसं नसतं हो. रॅपची एक ओळ म्हणजे एक बार, सोळा बार म्हणजे सोळाच, प्रत्येक बारला चार ठोके, आणि श्वास कुठे घ्यायचा तेही त्यातच बसवायचं. एक मुलगा पहिल्यांदा आला तेव्हा अडीच पानं भरून आणली होती, घर, बहीण, शाळा, सगळं एकात एक. पेनाचं टोपण बाकावर आपटत मोजत बसला, शब्द जास्त झाला की ठोका चुकायचा, मग तो शब्द खोडायचा, मग दुसरा. दोन तासांनी अडीच पानांच्या सोळा ओळी उरल्या. निबंध परत लिही म्हटलं की तोंड वाकडं करणारं हे पोरगं, त्याने त्या सोळा ओळी कुणी न सांगता सहा वेळा लिहून काढल्या! नंतर सायफर, म्हणजे गोल करून उभं राहायचं आणि एकाचं संपलं की पुढच्याने तिथूनच उचलायचं, आणि उचलायचं तर आधीच्याचं कान देऊन ऐकावं लागतं, जे मोठ्यांच्या मीटिंगमध्ये मी फारसं पाहिलेलं नाही.

हे रॅप ज्या हिपहॉपमधलं, ते आलं कुठून ते लेखात एका ओळीत उरकलंय. 11 ऑगस्ट 1973 ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, 1520 सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली, कशासाठी तर शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा तो दोन टर्नटेबलवर आलटून पालटून लांबवायचा, कारण पोरं नाचायची ती त्याच तुकड्यावर. आणि तो भाग कसला होता, मधून हायवे काढून घरं पाडलेली, विम्याच्या पैशासाठी मालकच बिल्डिंगा जाळतायत. 1971 च्या डिसेंबरमध्ये तिथे दोन गँगचं भांडण मिटवायला गेलेला एक तरुण मारला गेला, सगळ्यांना वाटलं आता रक्तपात होणार, तर त्याच्या साथीदारांनी बदला न घेता सगळ्या गँगना बोलावून तह केला. त्यानंतर या एरियातल्या पोरांना त्या एरियातल्या पार्टीला जाणं जरा सोपं झालं. यातला एकही विषय कुठल्या समितीने दिलेला नव्हता.

सेनेगलमध्ये 2011 ला काही रॅपर आणि पत्रकारांनी मिळून 'यान अ मार' म्हणजे 'आता पुरे' नावाची चळवळ काढली, तरुणांना मतदार यादीत नावं घालायला लावली, आणि 2012 च्या निवडणुकीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अब्दुलाय वाद हरले. त्यांना विषय दिला असता पर्यावरण, तर काय झालं असतं देव जाणे.

हिपहॉपमध्ये घाण नाही असं मी म्हणत नाही, बायकांबद्दल काहीही बोललं जातं. आमच्याकडेही एकाने तसं लिहिलं होतं, आम्ही खोडायला लावणार तेवढ्यात एका मुलीने सांगितलं राहू द्या, आणि पुढच्या शनिवारी त्याच बीटवर तिने त्याला असं काही उत्तर दिलं की तो स्वतःच वही घेऊन कोपऱ्यात बसला. स्लॅमचंही, म्हणजे स्टेजवर कविता म्हणायच्या स्पर्धेचंही, एक खटकतं. शिकागोत मार्क स्मिथने 80 च्या दशकात ते सुरू केलं, प्रेक्षकांतलेच पाच जज, दहापैकी मार्क, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी मार्क सोडून द्यायचे, मजा असते. पण मुलं लवकर हिशोब शिकतात की जखम जेवढी मोठी तेवढे मार्क जास्त, मग ज्याच्या घरी सगळं ठीक आहे तो पण काहीतरी दुःख शोधत बसतो. म्हणून आम्ही मार्क बंद केले.

आता माझी चूक सांगतो. एका संस्थेच्या कार्यक्रमात या सोळा ओळीवाल्याला बोलावलं होतं. त्यात दोन बार असे होते की शाळेत मुलींच्या टॉयलेटला कुलूप असतं आणि बहीण दिवसभर पाणी पीत नाही. आयोजक म्हणाले पाहुणे येणारेत, तेवढं काढा, बाकी छान आहे. मी त्याला समजावलं, जाऊ दे ना दोनच ओळी आहेत. तो हो म्हणाला. स्टेजवर त्या जागी आल्यावर तो गप्प उभा राहिला, बीट चालू, पूर्ण आठ ठोके, आणि मग पुढची ओळ बरोबर समेवर उचलली. लोकांना वाटलं विसरला, त्यांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पाच शनिवार तो आला नाही, सहाव्या शनिवारी आला, पण वही मला दाखवायला अजून तयार नाही, मित्राला दाखवतो. बरोबरच आहे त्याचं.

तर विनंती एवढीच, ती बारीक अक्षरातली ओळ काढा आणि विषय मुलांना ठरवू द्या. शिवीगाळ नको, कुणाचं खरं नाव घेऊन बदनामी नको, एवढे नियम ठेवा ना, मुलांना ते कळतात. आणि पुरवणीत महिन्याला अर्धं पान मुलांच्या ओळींना द्या, त्यांची भाषा 'शुद्ध' न करता. ते दोन बार त्याने तेव्हा माझ्या वहीत लिहून दिले होते, छापणार असाल तर त्याला विचारून पाठवतो.

आपला,
एक वाचक