आईच्या नव्या औषधाबद्दल आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही पाठवलेले वर्तमानपत्राचे कात्रण मिळाले. नॅनोकण औषध घेऊन थेट कर्करोगाच्या गाठीपर्यंत जातात आणि बाकीच्या शरीराला धक्काही लावत नाहीत, असे त्यात म्हटले आहे. आणि डॉक्टरांनी आईला सुचवलेले लायपोसोममधले डॉक्सोरुबिसिन हेच ते औषध का, असे तुम्ही विचारले आहे. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगण्यापेक्षा सविस्तर लिहिलेले बरे, म्हणजे तुम्हा दोघांना ते निवांत वाचता येईल आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचे तेही ठरवता येईल. औषध तेच आहे. कात्रणातले वर्णन मात्र अर्धेच खरे आहे, आणि ते कोणते अर्धे हे कळल्याशिवाय या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरवता येणार नाही.

डॉक्सोरुबिसिन म्हणजे आईला पहिल्या खेपेस दिलेली तीच लाल केमो. कर्करोगावर ती गुणकारी आहे, पण हृदयाच्या स्नायूला तिचा त्रास होतो आणि तो त्रास साठत जातो. म्हणून एका व्यक्तीला आयुष्यभरात ती एकूण किती द्यायची याला डॉक्टर मर्यादा घालतात. आईला त्यातला काही भाग आधीच मिळालेला आहे, शिवाय तिचे वय आणि रक्तदाब आहेच. तेव्हा डॉक्टरांनी साधे डॉक्सोरुबिसिन पुन्हा न देता हा प्रकार निवडला, हे मला पूर्णपणे पटले आहे.

लायपोसोम म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या दुहेरी पापुद्र्याची अतिसूक्ष्म पोकळ गोळी. या औषधातल्या गोळ्यांचा व्यास ८० ते १०० नॅनोमीटर असतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. रक्तातल्या एका तांबड्या पेशीच्या रुंदीवर असे सत्तर-ऐंशी कण ओळीने मावतील. जेरुसलेममधील येहेझ्केल बारेनहोल्ट्स आणि आल्बेर्तो गाबिझोन यांनी हे औषध घडवले. गोळीच्या आत अमोनियम सल्फेट ठेवले की बाहेरचे डॉक्सोरुबिसिन आपणहून आत ओढले जाते आणि तिथे त्याचे स्फटिक बनून अडकून राहते, ही त्यांची युक्ती मला आजही फार सुंदर वाटते, कारण तिच्यामुळे एकेका कणात औषधाचे दहा हजारांहून अधिक रेणू मावतात आणि वाटेत गळत नाहीत. वरून पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे आवरण असते, त्यामुळे शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी त्या कणाला लवकर ओळखत नाहीत. साधे डॉक्सोरुबिसिन रक्तातून काही मिनिटांत बाहेर पडून सगळीकडे पसरते. या आवरणातले औषध दोन-तीन दिवस रक्तात फिरत राहते. अमेरिकेत त्याला १९९५ साली मान्यता मिळाली, म्हणजे ‘नवे’ म्हटले तरी त्याचा तीन दशकांचा अनुभव डॉक्टरांच्या गाठीशी आहे.

आता ‘थेट गाठीपर्यंत’ याविषयी. या कणाला गाठ दिसत नाही आणि तिचा पत्ताही ठाऊक नसतो. घाईने वाढणाऱ्या गाठीतल्या रक्तवाहिन्या कच्च्या बांधणीच्या असतात, त्यांच्या भिंतींत फटी राहतात. रक्तातून फिरता फिरता कण त्या फटींतून बाहेर झिरपतात आणि तिथला निचरा नीट नसल्यामुळे तिथेच रेंगाळतात. जपानमधील कुमामोतो येथील मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ साली हे दाखवून दिले, आणि आमच्या क्षेत्रातले पुढचे बरेचसे काम त्यावरच उभे राहिले. मात्र सर्वांच्या गाठी सारख्याच झिरपत्या नसतात. लंडनच्या डॉक्टरांनी अशाच लायपोसोममध्ये किरणोत्सारी इंडियम भरून ते रुग्णांना दिले आणि कॅमेऱ्याने ते कुठे जातात ते पाहिले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १७ पैकी १५ जणांच्या गाठी स्पष्ट दिसल्या, पण डोके-मानेच्या गाठींत कण पुष्कळ, फुफ्फुसाच्या गाठींत त्याहून कमी आणि स्तनाच्या गाठींत आणखी कमी साठले होते. पुढे २०१६ साली टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने प्राण्यांवरच्या दहा वर्षांच्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यमानाने अवघे ०.७ टक्के गाठीत पोहोचतात असे निघाले. मी स्वतः याच विषयात काम करते, म्हणूनच बाबा, हा आकडा तुमच्यापासून लपवावासा वाटत नाही.

मग बाकीचे कण जातात कुठे? त्यांतले पुष्कळसे यकृत आणि प्लीहा गोळा करतात. यकृतात परके कण गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, आणि औषध पोहोचवणाऱ्यांच्या वाटेत त्या कायम आडव्या येतात. पण ज्यांना शरीराच्या आतले चित्र घ्यायचे असते, त्यांना याच पेशींची मदत होते. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण शिरेतून दिले की निरोगी यकृताच्या पेशी ते गिळतात आणि एमआरआयच्या चित्रात यकृत काळे पडते. कर्करोगाच्या गाठीत या पेशी जवळजवळ नसल्यामुळे ती उजळच राहते आणि चटकन नजरेत भरते. यासाठी अमेरिकेत १९९६ साली असे एक औषध मान्य झाले होते; पुढे त्याचे उत्पादन बंद झाले. मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी २००९ पासून दिले जाणारे फेरुमॉक्सिटॉल हेही लोहाचे नॅनोकणच आहेत, आणि ज्यांना गॅडोलिनियम (एमआरआयचे चित्र स्पष्ट यावे म्हणून नेहमी टोचले जाणारे द्रव्य) चालत नाही अशांच्या एमआरआयसाठी काही ठिकाणी डॉक्टर तेच वापरतात.

आई, तुझ्या शस्त्रक्रियेच्या आधी छातीत किरणोत्सारी द्रव टोचून काखेतली पहिली लसिका ग्रंथी शोधली होती, ते तुला आठवत असेल. त्या द्रवातही टेक्नेशियम लावलेले सूक्ष्म कणच होते. लसिकावाहिन्यांतून वाहत ते पहिल्या ग्रंथीपाशी अडकले, आणि म्हणूनच सर्जनला तेवढीच ग्रंथी काढून तपासता आली व काखेतल्या बाकीच्या ग्रंथी वाचल्या. तेव्हा ‘नॅनो’ या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही, तुझ्या शरीराची त्याच्याशी ओळख झालेली आहे.

आता या औषधाचा खरा फायदा सांगते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत स्तनाचा कर्करोग पसरलेल्या ५०९ स्त्रियांपैकी काहींना साधे डॉक्सोरुबिसिन आणि काहींना लायपोसोममधले दिले गेले. रोग आटोक्यात ठेवण्यात दोन्ही सारखीच ठरली. म्हणजे कण गाठीला जास्त मारतो असे नाही. पण हृदयाला झालेली इजा लायपोसोमच्या गटात पुष्कळच कमी होती, कारण हृदयातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती घट्ट असतात आणि एवढा मोठा कण त्यांतून सहसा बाहेर पडत नाही. केस जाण्याचे प्रमाणही ६६ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. एखादे औषध कुठे जात नाही, हे ते कुठे जाते याइतकेच मोलाचे असते, आणि आईच्या बाबतीत तर मला तेच अधिक मोलाचे वाटते. केस राहिले म्हणजे औषध लागू पडत नाही, असे कोणी शेजारीपाजारी म्हणाले तर मुळीच मनावर घेऊ नका.

त्याच चाचणीत एक त्रास मात्र वाढलेला दिसला. तळहात-तळपाय लाल होणे, जळजळणे, सोलवटणे हे साध्या औषधाने २ टक्के स्त्रियांना झाले, तर या औषधाने ४८ टक्के स्त्रियांना. कण रक्तात दीर्घकाळ फिरतात, आणि जिथे दाब, घर्षण किंवा उष्णता असते तिथल्या त्वचेत ते अधिक झिरपतात. म्हणून प्रत्येक वेळी सलाइन लावून आल्यानंतरचा निदान आठवडाभर, आई, तू कढत पाण्याने अंघोळ करायची नाहीस, भांडी घासायची नाहीत, कपडे पिळायचे नाहीत, पोळ्या लाटायच्या नाहीत आणि घट्ट चप्पल घालायची नाहीस. बाबा, तेवढे दिवस स्वयंपाकघर तुम्ही सांभाळा, किंवा पोळ्यांना बाई लावा. तिच्या पगाराचे मी पाहते. हा त्रास बहुधा दोन-तीन फेऱ्यांनंतर सुरू होतो, तेव्हा पहिल्या वेळी काही झाले नाही म्हणून सवलत घेऊ नका. तळवे झोंबू लागले तर सहन करत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. मात्रा कमी करून किंवा पुढची फेरी लांबवून ते आटोक्यात आणता येते.

पहिल्या वेळी सलाइन अगदी सावकाश सोडतात. तेव्हा चेहरा तापला, छाती आवळल्यासारखी झाली, पाठ दुखू लागली किंवा दम लागला तर संकोच न करता नर्सला तत्क्षणी सांगायचे. थेंब थांबवले की बहुतेकांना बरे वाटते. त्यानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर झाली तर तो औषधाचाच रंग असतो. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर मात्र रात्र असली तरी दवाखान्यात फोन करा.

बाबा, परदेशी औषध मागवावे का, असेही तुम्ही विचारले आहे. त्याची गरज नाही. अमेरिकेत मूळ औषधाचा तुटवडा पडला तेव्हा फेब्रुवारी २०१२ मध्ये तिथल्या औषध नियंत्रकांनी मुंबईच्या सन फार्माचे हेच औषध आणवण्यास तात्पुरती परवानगी दिली, आणि वर्षभराने त्या कंपनीच्या जेनेरिकला रीतसर मान्यता दिली. फक्त एकदा सुरू केलेली कंपनी उपचाराच्या मध्येच बदलू नये असे डॉक्टरांना विनंतीपूर्वक सांगा, कारण आवरणातला आणि आकारातला बारीक फरकही या प्रकारच्या औषधात महत्त्वाचा असतो. आणि ‘नॅनो’ नाव लावून विकले जाणारे हळदीचे किंवा सोन्याचे थेंब डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घरात आणू नका.

औषध सुरू होण्याआधी हृदयाची टू-डी इको तपासणी करून घ्यायची आहे. तिचा अहवाल आला की फोटो काढून मला पाठवा. प्रत्येक फेरीला बाटलीवरचे कंपनीचे नाव, बॅच क्रमांक आणि मिलिग्रॅममधली मात्रा वहीत उतरवून ठेवा, म्हणजे आजवर एकूण किती औषध झाले याचा हिशेब आपल्यापाशीही राहील. पहिल्या फेरीची तारीख ठरली की कळवा, मी आदल्या दिवशी पोहोचते.

तुमची,
मृणाल